पाण्यात उभे, तरी तहानलेले

मराठी घरात फुलांवाचून एकही सण पार पडत नाही. दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण लागते, गणपतीला जास्वंदीचे फूल वाहिले जाते आणि चैत्रात मोगऱ्याचे गजरे बाजारात येतात. या फुलांचे काम बहुधा एका दिवसाचे असते. सकाळी वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्यात जाते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. परंतु फुलदाणीत ठेवलेल्या फुलांची गोष्ट वेगळी आहे. लांब देठाचा गुलाब, निशिगंधाची काडी, ग्लॅडिओलसचा दांडा किंवा जरबेरा घरात आणला, म्हणजे तो चार-सहा दिवस तरी टिकावा अशी सर्वांची इच्छा असते.

ही इच्छा पुष्कळदा सफळ होत नाही. आदल्या दिवशी ताठ उभा असलेला गुलाब दुसऱ्या दिवशी मान टाकतो. त्याच्या पाकळ्यांचा रंग अद्याप तसाच असतो, फुलदाणीत अर्ध्याहून अधिक पाणी असते, देठाचे टोकही पाण्यात बुडालेले असते. असे असूनही फूल सुकलेले दिसते. नदीत उभ्या असलेल्या माणसाने तहानेने व्याकूळ व्हावे, तसाच हा प्रकार आहे. जवळ पाणी असताना फुलाला ते पिता का येत नाही? या प्रश्नाचे उत्तर ज्याला सापडले, त्याला फुलाचे आयुष्य वाढविण्याची युक्तीही सापडली असे समजावे.

खुडलेले फूल मेलेले असते, अशी अनेकांची समजूत आहे. ती खरी नाही. निशिगंधाची काडी फुलदाणीत ठेवली, म्हणजे खालच्या कळ्या आधी उमलतात आणि वरच्या कळ्या पुढील दोन-तीन दिवसांत एकेक करून उमलत जातात. निर्जीव वस्तूला उमलता येत नाही. ग्लॅडिओलसचा दांडा काही तास आडवा ठेवला, तर त्याचा शेंडा हळूहळू वरच्या दिशेला वाकतो, कारण वर कोणते आणि खाली कोणते हे त्या दांड्याला अजून कळत असते. म्हणूनच जाणते शेतकरी ग्लॅडिओलसचे दांडे नेताना ते उभेच ठेवतात. खुडलेले फूल श्वास घेते, पाणी पिते, वाफेच्या रूपाने पाणी बाहेरही टाकते. मात्र एका क्षणात त्याचे दोन आधार तुटलेले असतात. पाणी पुरविणारे मूळ तुटलेले असते आणि अन्न तयार करणारी झाडाची पालवीही दुरावलेली असते. यापुढचे दिवस त्याला जवळच्या शिदोरीवर आणि माणसाच्या काळजीवर काढावयाचे असतात.

प्रथम पाण्याचा विचार करू जाता, इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाची आठवण होते. वनस्पती किती पाणी पितात आणि ते पाणी जाते कोठे, हे त्याला समजून घ्यावयाचे होते. त्याने कुंडीतील सूर्यफुलाचे झाड सकाळ-संध्याकाळ तोलून पाहिले. दिवसा झाडाचे वजन बरेच घटे, रात्री फारच थोडे घटे. त्याने झाडांच्या फांद्या तोडून पाण्यात ठेवल्या; काहींची पाने तशीच राखली आणि काहींची काढून टाकली. पाने असलेल्या फांद्यांनी पुष्कळ पाणी ओढले. पाने नसलेल्या फांद्यांनी अगदी थोडे ओढले. हे प्रयोग त्याने १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांवरून असे सिद्ध झाले की, पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि तिच्यामुळेच खालचे पाणी वर ओढले जाते. या क्रियेस बाष्पोच्छ्वास असे म्हणतात.

फुलाच्या देठात केसाइतक्या किंवा त्याहूनही बारीक अशा अनेक नळ्या असतात. त्यांना जलवाहिन्या म्हणतात. या नळ्यांतून पाण्याची अखंड धार वर चढत असते आणि ती सदैव ताणलेली असते. देठ कापताच ताणलेली धार किंचित मागे सरते आणि तिच्या मोकळ्या झालेल्या जागी हवा शिरते. हवेचा तो बुडबुडा नळीत बसला, म्हणजे पाण्याची वाट अडते. देठ पुढे पाण्यात ठेवला, तरी तो बुडबुडा सहजी निघत नाही. तहानेचे हे पहिले कारण होय.

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही, परंतु नाकाला मात्र कळते. दोन-तीन दिवस न बदललेल्या फुलदाणीच्या पाण्याला दुर्गंधी येते आणि देठ हाताला बुळबुळीत लागतो. पाण्यात बुडालेली पाने कुजतात, कापलेल्या देठातून रस झिरपतो आणि त्यांवर असंख्य जीवाणू पोसले जातात. हे जीवाणू आणि त्यांचा चिकट स्राव जलवाहिन्यांच्या तोंडाशी जमतो व नळ्या तुंबवितो. खालून येणारे पाणी कमी होते. वरच्या पानांतून व पाकळ्यांतून जाणारे पाणी मात्र थांबत नाही. जमेपेक्षा खर्च वाढला की घराचा हिशेब कोलमडतो. फुलाचेही तसेच होते. गुलाबाच्या फुलाखालचा देठाचा भाग कोवळा असतो. पाण्याच्या दाबामुळेच तो ताठ राहतो. पाणी कमी पडताच सर्वांत आधी तोच लवतो. गुलाब मान टाकतो तो यामुळेच.

रोग कळला की उपाय सुचतो. देठाचे टोक पाण्याखाली धरून, धारदार चाकूने दोन-तीन सेंटिमीटर तिरके कापले, तर हवेने अडलेला भाग निघून जातो आणि नव्या तोंडातून हवेऐवजी पाणी शिरते. बोथट कात्रीने कापल्यास नळ्या चिरडतात. तिरका काप दिल्याने देठाचे तोंड फुलदाणीच्या तळाशी चिकटून बंद होत नाही. पाण्यात बुडणारी सर्व पाने काढून टाकली, तर कुजण्यासारखे काही उरत नाही. वरची काही पाने कमी केली, तर हेल्सच्या फांद्यांप्रमाणे पाण्याचा खर्चही कमी होतो. पाणी रोज बदलावे आणि त्या वेळी फुलदाणी आतून घासून धुवावी. मान टाकलेला गुलाबही लगेच टाकून देऊ नये. त्याचा देठ पाण्याखाली नव्याने कापून, पाने-फुलासकट तो तासभर पाण्यात आडवा बुडवून ठेवला, तर पुष्कळदा तो पुन्हा मान वर करतो.

आता अन्नाचा विचार करावयास हवा. झाड सूर्यप्रकाशात आपल्या पानांत शर्करा तयार करते आणि ती फुलांना पुरविते. फूल खुडले की हा पुरवठा बंद होतो. श्वसनाकरिता आणि उमलण्याकरिता मात्र त्याला शर्करा लागतच असते. एवढ्यासाठीच पाण्यात थोडी साखर घातल्याने अनेक फुलांना लाभ होतो. एक लिटर पाण्यात १० ते २० ग्रॅम साखर पुरे होते. परंतु येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जी साखर फुलाला आवडते, तीच जीवाणूंनाही आवडते. नुसती साखर घातलेले पाणी लवकर गढूळ होते आणि फुलाला पोषण मिळण्याऐवजी त्याची वाटच बंद होते. म्हणून फूलबाजारात मिळणाऱ्या फुलांच्या अन्नाच्या पुड्यांत तीन द्रव्ये एकत्र असतात : पोषणासाठी शर्करा, पाणी किंचित आंबट करण्यासाठी आम्ल आणि जीवाणूंना आवर घालण्यासाठी जंतुनाशक. आंबट पाणी देठातून अधिक सुलभतेने चढते आणि त्यात जीवाणूंची वाढही मंदावते. घरी अशी पुडी नसेल, तर साखरेबरोबर थोडा लिंबाचा रस घालावा आणि पाणी रोज बदलावे. फुलदाणीत तांब्याचे नाणे टाकण्याची एक जुनी पद्धत आहे. नाण्यातील तांबे पाण्यात फारच थोडे उतरते आणि आजची बहुतेक नाणी तांब्याची नसतातही. तेव्हा नाण्यावर विसंबण्यापेक्षा स्वच्छतेवर विसंबणे अधिक शहाणपणाचे.

पाणी आणि अन्न दोन्ही मिळूनही काही फुले अकाली कोमेजतात. त्यांचा शत्रू हवेत असतो. त्याचा शोध लागण्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शिकागो शहराच्या बाजारात कार्नेशनची फुले मोठ्या प्रमाणावर येत. काचघरांत वाढविलेली ती फुले कधीकधी एका रात्रीत मिटत आणि पुन्हा उमलत नसत. बागवानांचे त्यात मोठे नुकसान होई. त्या काळी दिव्यांसाठी नळांतून वायू पुरविला जाई. विल्यम क्रॉकर आणि ली नाइट या दोन शास्त्रज्ञांनी १९०८ साली असे दाखवून दिले की, नळांतून गळणाऱ्या त्या वायूतील एथिलीन नावाचा घटक कार्नेशनला घातक ठरतो. वीस लाख भाग हवेत एथिलीनचा केवळ एक भाग मिसळला, तरी उमललेले कार्नेशन बारा तासांत मिटते, असे त्यांना आढळून आले. माणसाच्या नाकाला ज्याची जाणीवही होत नाही, ते फुलाला कळते.

पुढे १९३४ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन या शास्त्रज्ञाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. पिकणारे सफरचंद स्वतःच एथिलीन वायू बाहेर सोडते. केळी, आंबा इत्यादी फळेही पिकताना हा वायू सोडतात. पिकणे आणि कोमेजणे या दोहोंचा संदेश वनस्पतींमध्ये हाच वायू पोहोचवितो. कोमेजणारे कार्नेशनही तो बाहेर टाकते आणि शेजारच्या ताज्या फुलांना म्हातारे करते. यावरून दोन साधे नियम निघतात. फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नये आणि गुच्छातील कोमेजलेले फूल तत्काळ काढून टाकावे. १९७८ साली नेदरलँडमधील संशोधकांनी चांदीच्या एका संयुगाचे द्रावण कार्नेशनला पाजून पाहिले, तेव्हा एथिलीनचा संदेश फुलात पोहोचेनासा झाला आणि फूल पुष्कळ अधिक दिवस टिकले. मात्र चांदीसारखा धातू मातीत व पाण्यात मिसळणे हितावह नसल्याने त्याऐवजी इतर उपाय शोधण्याकडे शास्त्रज्ञ वळले.

फुलाच्या आयुष्याचा चौथा आणि कदाचित सर्वांत मोठा भागीदार म्हणजे उष्णता. उन्हात फूल भराभर श्वसन करते आणि आपली शिदोरी लवकर संपविते. तापमान दहा अंशांनी वाढले की फुलाच्या श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. शिवाय श्वसन करणारी फुले स्वतःही उष्णता बाहेर टाकतात. पेटीत दाबून भरलेली फुले आतल्या आत तापतात ती यामुळेच. फुले खुडणाऱ्या शेतकऱ्याला हे ज्ञान पुस्तकातून मिळाले नसेल, तरी ते त्याच्या हाताला ठाऊक असते. ऊन चढण्यापूर्वी, पहाटेच्या गारव्यात तो फुले खुडतो. खुडताच देठ पाण्याच्या बादलीत बुडवितो आणि बादली सावलीत नेतो.

पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे आणि मावळ भागात पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची शेती केली जाते. तेथे खुडलेला गुलाब लवकरच शीतखोलीत जातो. तेथे लांबीप्रमाणे प्रतवारी करून फुलांच्या गड्ड्या बांधल्या जातात आणि थंडगार पेट्यांतून त्या दूरच्या बाजारांकडे निघतात. फेब्रुवारी महिन्यात येथील गुलाब परदेशीही जातात. या प्रवासात थंडावा कोठे तुटला, गाडी उन्हात उभी राहिली किंवा पेटी तापली, तर फूल बाजारात पोहोचण्याआधीच म्हातारे होते. बाहेरून ते ताजे दिसेल, परंतु ग्राहकाच्या घरी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मान टाकील. अशा फुलाला पुढच्या खेपेस कोणी विचारीत नाही. रोप लावण्यापासून फूल हाती येईपर्यंत शेतकऱ्याने कित्येक महिने खत, पाणी व मजुरी वेचलेली असते. त्या सर्व श्रमांचे मोल एका दुपारच्या उन्हात हरवू शकते. फूल टिकविणे ही केवळ दिवाणखान्याच्या शोभेची गोष्ट नव्हे. ती एका कुटुंबाच्या पोटाची गोष्ट आहे.

तथापि थंडावा सर्वांना सारखाच मानवतो असे नाही. गुलाब आणि कार्नेशन गोठणबिंदूच्या किंचित वर, दोन-चार अंश तापमानात सुखाने राहतात. उष्ण व दमट प्रदेशात वाढणारे अँथुरियम आणि अनेक ऑर्किडे मात्र बारा-तेरा अंशांखाली ठेवल्यास काळवंडतात. खुडण्याची वेळही प्रत्येकाची निराळी असते. गुलाब घट्ट कळी असताना, तिच्या बाहेरची हिरवी निदले मागे वळू लागली म्हणजे खुडतात. ग्लॅडिओलस सर्वांत खालच्या कळ्यांत रंग दिसताच काढतात. शेवंती मात्र चांगली उमलू द्यावी लागते; कळी असताना खुडली तर ती नीट फुलत नाही. जरबेऱ्याचा देठ लवदार व मऊ असल्यामुळे खोल पाण्यात कुजतो. त्याला थोडेसेच पाणी पुरते. सर्व मुलांना एकाच मापाचा सदरा येत नाही, त्याप्रमाणे सर्व फुलांना एकच नियम लागू पडत नाही.

घरी वा शाळेत ज्यांना फुलदाणी सजवावयाची आहे, त्यांनी ही सर्व माहिती थोडक्यात अशी ध्यानात ठेवावी. फुलदाणी प्रथम स्वच्छ घासावी. देठाची खालची पाने काढावीत. मोठ्या माणसाच्या मदतीने देठाचे टोक पाण्याखाली तिरके कापावे. पाणी रोज बदलावे आणि एका दिवसाआड देठ थोडा नव्याने कापावा. फुलदाणी उन्हात, पंख्याखाली किंवा फळांजवळ ठेवू नये. रात्री ती घरातील गार जागी हलवावी. या गोष्टींना पैसा लागत नाही. लागते ती केवळ नियमित काळजी.

एवढे करूनही फूल अमर होत नाही आणि तसे व्हावे ही अपेक्षाही योग्य नाही. झाडावर राहिलेले फूलही एके दिवशी कोमेजतेच. मधमाशीने परागकण आणून पोहोचविले की अनेक फुलांच्या पाकळ्या लवकर सुकू लागतात, कारण फुलाचे मुख्य काम तेथे पुरे झालेले असते; पुढचे काम फळाचे आणि बीजाचे असते. खुडलेल्या फुलाला ही संधी माणसाने नाकारलेली असते. तेव्हा जे फूल आपण होऊन झाडावरून उतरले नाही, ते उतरविणाऱ्याने त्याच्या उरलेल्या दिवसांची जबाबदारी पत्करली पाहिजे. गरज नसताना फूल खुडू नये. खुडले तर ते तहानेने मरू देऊ नये. स्वच्छ पाणी, थोडी सावली आणि रोजची पाच मिनिटे एवढेच ते मागते. त्याच्या मोबदल्यात चार दिवसांऐवजी आठ दिवस ते घरातील येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मन प्रसन्न करते.

स्वाध्याय

१. फुलदाणीत पाणी असूनही गुलाब मान का टाकतो? दोन कारणे लिहा.

२. स्टीफन हेल्सने फांद्यांवर कोणता प्रयोग केला? त्यावरून त्याला काय आढळले?

३. कारणे द्या : (अ) नुसते साखरेचे पाणी फुलांना अपायकारक ठरते. (आ) फुलदाणी फळांजवळ ठेवू नये. (इ) ग्लॅडिओलसचे दांडे उभेच न्यावे लागतात.

४. ‘फूल टिकविणे ही एका कुटुंबाच्या पोटाची गोष्ट आहे,’ हे विधान पाठाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत स्पष्ट करा.

५. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा : मान टाकणे, हिशेब कोलमडणे, जबाबदारी पत्करणे, वाट अडणे.

६. करून पाहा : सारख्या आकाराच्या तीन बाटल्या घ्या. प्रत्येकीत एकाच दिवशी खुडलेल्या निशिगंधाच्या दोन काड्या ठेवा. पहिल्या बाटलीतील पाणी बदलू नका. दुसरीतील पाणी रोज बदला आणि एका दिवसाआड देठाचे टोक मोठ्यांकडून नव्याने कापून घ्या. तिसरीत साखर घाला, परंतु पाणी बदलू नका. रोज एकाच वेळी पाण्याचा रंग, त्याचा वास आणि उमललेल्या व सुकलेल्या फुलांची संख्या वहीत नोंदवा. आठ दिवसांनी तिन्ही नोंदींची तुलना करून वर्गात वाचून दाखवा.